दादांनी साफ केलेलं खाचर

भाताचं एखादं जनुक काय काम करतं ते कळायचं असेल, तर ते मोडून बघायचं, हा माझा पेशा. लग्नाच्या बैठकीत सांगायची सोय नाही. "मुलगी काय करते?" तर भात बिघडवते! आमचा चुलता एकदा म्हणालाच, "त्यासाठी पुण्याला कशाला जायाचं? आमी हितं फुकाट बिघडवतो की."

त्याला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, तरी मी समजावलं. भाताच्याच डीएनएत एक उडाणटप्पू तुकडा असतो. एरवी झोपलेला. बाटलीत रोप वाढवलं की तो जागा होतो, स्वतःच्या नकला काढतो आणि सापडेल त्या जनुकात घुसून बसतो. ज्यात घुसला त्याचं काम बंद. मग रोपात काय बिनसलं ते बघायचं. जे बिनसलं, ते त्या जनुकाचं काम. चुलती आठ दिवस माहेरी गेली की चुलत्याला कळतं, टॉवेल आपोआप धुतले जात नाहीत. तसंच हे. फक्त चुलत्याला त्याबद्दल कुणी पदवी देत नाही.

माझ्या काही रोपांत लोंबी पोटरीतच अडकायची. बाकीचा भात निसवून, लोंब्या बाहेर काढून वाऱ्यावर डुलतोय आणि ह्यांची लोंबी पानाच्या आवरणात गुदमरलेली. त्या अडकण्यावर माझा सगळा प्रबंध उभा होता. नेमकी त्याच वर्षी आमच्या प्रयोगशाळेची हरितगृहं दुरुस्तीला काढली, म्हणजे दारं काढून नेली आणि माणसं परत आलीच नाहीत. रोपांत बाहेरचं जनुक घातलेलं नसल्यानं ती शेतात लावायला हरकत नव्हती. मग आहुप्याच्या वाटेवरच्या आमच्या गावी, वडलांच्या खालच्या खाचरात ती लावली.

वडलांना आम्ही दादा म्हणतो. दादांचं बियाणं म्हणजे खात्रीचं. आसपासच्या वाड्यांतली माणसं पायलीला पायली बदलून नेतात. कापणीआधी दादा बांधावरून फिरतात आणि वेगळं दिसेल ते रोप उपटून फेकतात. अशा माणसाच्या खाचरात माझी ही वरात उभी: कुणी खुजं, कुणी पिवळं, कुणी दारू प्यायल्यागत आडवं, कुणाची लोंबी अडकलेली. चुलता बांधावर उभा राहून ओरडायचा, "राव, ह्याला भात म्हणायचं का दवाखाना?" दादा ऐकून घ्यायचे. मी नुसतं पाणी आणि तण बघायला सांगितलं होतं, ते तेवढंच बघायचे.

माझी शिष्यवृत्ती संपत आली होती. मुदतवाढ द्यायची की नाही ते माझे मार्गदर्शक सर स्वतः रोपं बघून ठरवणार होते. मी घरी फोन केला, "दादा, सर शेत बघायला येतायत. माझं सगळं त्याच्यावर आहे." एवढंच बोलले आणि घात झाला.

सरांना घेऊन पोचले, तर खाचर आरशासारखं. एकसारखी उंची, लोंब्या वाकलेल्या. सर बूट चिखलात रुतवत इकडून तिकडे गेले आणि म्हणाले, "छान. पण बिघडलेले म्यूटंट कुठे आहेत?"

"एक बी ठिवला न्हाई, साहेब," दादा छाती काढून म्हणाले. "समदे उपटून म्हशीला घातले. त्यांच्या नंबराच्या चिठ्ठ्या तेवढ्या पिशवीत ठिवल्यात."

माझं डोकं फिरलं. मी बापावर ओरडले, बांधावर, सगळ्यांसमोर. "दादा, काय केलंत हे? तेच तर दाखवायचं होतं!" दादांना काही कळेना. "आगं, तुझी अब्रू राखली मी. मोठा मानूस येणार, आन् त्याला असलं दाखवायचं व्हय?"

सर मात्र शांत होते. म्हणाले, सगळं गेलेलं नाही. आईकडून आणि बापाकडून, दोन्हींकडून बिघाड आला तरच लोंबी अडकते. एकाकडून आला तर रोप देखणं दिसतं, पण बिघाड पुढच्या पिढीला देतं. या उरलेल्यांतल्या बऱ्याच रोपांत तो असणार. प्रत्येक रोपाचं बी वेगळं ठेवा आणि पुन्हा लावा, त्यावर मुदतवाढ देतो. "पण एक दाणाही बाहेर जाता कामा नये. गावभर अडकलेल्या लोंब्या निघतील."

दादांनी एक देखणी लोंबी हातात घेतली. "म्हंजी उपटलं ते खरं व्हतं, आन् ठिवलं ते लबाड?"

"तसंच म्हणायचं," मी म्हणाले.

पंचाईत पुढेच होती. खाचर साफ झाल्यापासून तोच चुलता आणि त्याच्यासोबत हसणारी माणसं 'पुण्याचं बियाणं' मागत होती. दिसायला देखणं की आमचं गाव वेडं! दादांनी सगळ्यांना शब्द दिला होता आणि ती मंडळी सर बघायला बांधावर जमलीच होती.

दादा त्यांच्याकडे वळले. "यंदा ह्याचं बियाणं कुनाला मिळायचं न्हाई."

"शब्द दिलाय तुमी," चुलता म्हणाला.

"दिला व्हता. मोडला. माझ्या बियात भेसळ हाये."

चुलता आधी हसला. मग हसायचा थांबला.

पुढच्या पेरणीला आमच्या अंगणात बियाणं बदलायला कुणी आलं नाही, दादांच्या जुन्या जातीचंसुद्धा. चुलत्यानं घोडेगावच्या दुकानातून पिशवी आणली आणि सगळ्यांना दिसेल अशी खांद्यावरून नेली. दादांनी मात्र ठेवलेलं बी रोपागणिक वेगळ्या ओळीत खालच्या खाचरात पुन्हा लावलं. मला लाज वाटली ती त्यांची नाही, माझीच.

भात निसवायच्या दिवसांत प्रयोगशाळेत फोन वाजला. दादा शेतातूनच बोलत होते, धाप लागलेली, बांधावरून पळत आल्यासारखी.

"आली गं बाय! लोंबी अडकली! चांगल्या धा-बारा रोपांत अडकलीय, लई झ्याक अडकलीय! तू ये लवकर, तवर मी हितंच बसतो. कुनाला हात लावू देत न्हाई."