गोठ्यातली बाटली

दुसऱ्या बाळंतपणानंतर मला अंथरुणातून उठवेना. ताप गेला, पण अंगात रक्त म्हणून उरलं नव्हतं. बेळगावच्या कॅम्पातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, रोज दुपारी थोडी लाल वाईन द्या, नाहीतर या बाईचं काही खरं नाही. आमचं निपाणीचं जैनाचं घर. पाणीसुद्धा गाळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नसे, तिथं दारूची बाटली! ह्यांनी ती धोतरात गुंडाळून आणली.

डॉक्टरांनी बजावलं होतं, बाटली उघडली की हवा लागून वाईन आंबते, आणि आंबलेली या अशक्त पोटाला सोसायची नाही. म्हणून उरलेली लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून, घट्ट बूच मारून थंडाव्याला ठेवायची. सासूला आम्ही सगळेच आव्वा म्हणायचो. आव्वांनी बाटल्यांना स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. गोठ्यात ओल्या वाळूत स्वतःच्या हाताने पुरल्या.

पहिल्याच घोटाला मी तोंड वाकडं केलं. आंबट, तुरट.

"आंबलीच हाय की ही!"

"आत्ता तर उघडली," हे म्हणाले. पण त्यांचाही चेहरा उतरला. चांगली वाईन कशी लागते हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक? मग रोज तीच धास्ती. दुपारी आव्वा वाटी घेऊन यायच्या. प्यावी तर भीती, न प्यावी तर भीती. पाळण्यातलं लेकरू रडायचं आणि मला उठून त्याला घेता यायचं नाही.

त्यात आव्वांचं वागणं. बाटली आली त्या दिवसापासून त्या एकदाच जेवू लागल्या. घर बाटवलं म्हणून हा माझ्यावरचा राग, असंच मी धरून चालले. पडल्या पडल्या धुसफुसायची, मी काय हौसेनं पितेय?

एका दुपारी आव्वा रिकाम्या हाताने आल्या.

"आज न्हाय द्यायची. बिघडलीया."

माझं डोकंच फिरलं. "तुमच्या मनातच न्हाय मला द्यायचं! बिघडल्याली तुमास्नी काय कळणार?"

"काल अशी न्हवती गं. आज जिभंला झोंबतीया."

"आव्वा, तुमी चाखली?"

"पयल्या दिसापास्नं. चांगली कशी लागती ते ठावं नसलं तर बिघडल्याली वळखायची कशी?" त्यांनी पदराने ओठ पुसले. "रोज एक थेंब. मग प्रायश्चित्त नगो व्हय? म्हणून एक वेळचं जेवान सोडलंय."

मला रडू आवरेना. त्यांनी मात्र लगेच ह्यांना दुसऱ्या बाटलीसाठी बेळगावला पिटाळलं. ती आली, वाळूत गेली, आणि आव्वा तशाच एका जेवणावर राहिल्या. मी उठून चुलीपाशी बसायला लागले त्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, त्यांनी दुसऱ्यांदा ताट घेतलं. ते मी वाढलं.