सहीच्या आधीचा प्रश्न

ऑकलंडच्या दक्षिणेला असलेल्या हॅमिल्टन शहरात, उत्तरेकडच्या रोटोटुना वस्तीत, आशालता दिघे ज्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती तिथे गुरुवारी सकाळी गर्दी व्हायची. औषधांसाठी नव्हे, कॉलिन्ससाठी. कॉलिन्स हे निवृत्त मास्तर. ते जेपी होते, म्हणजे जस्टिस ऑफ द पीस. पासपोर्टची नक्कल खरी आहे असा शेरा मारायचा, प्रतिज्ञापत्रावर सही करणाऱ्याला शपथ द्यायची, असली कामं ते दुकानाच्या कोपऱ्यात बसून फुकट करत. पुढचं प्रशिक्षण घेतलेले काही जेपी तर जिल्हा कोर्टात जोडीने बसून किरकोळ गुन्ह्यांचा निवाडाही करत. कॉलिन्स त्यांतले एक होते.

२००४ च्या हिवाळ्यात ते आशालताला म्हणाले, "मी नेल्सनला मुलीकडे राहायला चाललो. माझ्या जागी खासदारांना तुमचं नाव सुचवलंय."

"माझं? अहो, मी बाहेरून आलेली बाई."

"इथे निम्मी वस्ती आता बाहेरूनच आलेली आहे. त्यांच्यातलं कुणी नको का?"

आशालता हसली खरी, पण दिवसभर तिचं गोळ्या मोजण्यात लक्ष नव्हतं. कॉलेजच्या प्रवेशासाठी दाखल्यांच्या प्रतींवर गॅझेटेड ऑफिसरची सही हवी होती, तेव्हा वाईहून साताऱ्याला जाऊन वडिलांबरोबर ती कचेरीच्या व्हरांड्यात ताटकळली होती. साहेब जेवायला गेले ते त्या दिवशी परतलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी वडिलांनी शिपायापुढे हात जोडले. शिपायापुढे! ते तिला कधीच विसरता आलं नव्हतं. आपल्याकडे सहीला आलेल्या माणसाला कुणापुढे हात जोडावे लागणार नाहीत, एवढंच तिच्या मनात आलं आणि तिने होकार कळवला.

नवरा प्रकाश शहरातल्याच 'ते रापा' नावाच्या भागातल्या दुधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. बायकोचं नाव निघाल्याचं त्याने पहिल्याच शनिवारी मराठी मंडळात सगळ्यांना सांगून टाकलं. वाईहून राजारामकाकांचा, म्हणजे प्रकाशच्या चुलत्यांचा, फोन आला.

"सूनबाई, न्यायाधीश झालात म्हणे! तिथल्या गव्हर्नरशी ओळख आहे का तुमची?"

"न्यायाधीश नाही हो काका. आणि अजून झालेही नाही. खासदार नाव पाठवतात, मग कोर्टात मुलाखत होते, पोलीस तपासणी होते. सगळं नीट असलं तर मंत्री शिफारस करतात आणि मग गव्हर्नर जनरल सही करतात. त्यांनी मला बघितलेलंही नसतं."

"न बघता सही करतात?"

"बाकीच्यांनी नीट बघितलंय या भरवशावर करतात."

"आमच्या मधूकडेही बघा हो," काका म्हणाले. "त्याचा व्हिसा पक्का झाला की मी सुटलो."

मधू हा काकांचा धाकटा. ऑकलंडमधल्या एका खाजगी संस्थेत कॉम्प्युटर शिकायला आला होता. ती संस्था बंद पडली. त्यानंतर तो मॉरिन्सविलच्या पलीकडे एका फार्मवर गायींच्या धारा काढायला लागला. सुट्टीच्या दिवशी तो आशालताकडे यायचा, गॅरेजमागच्या खोलीत झोपायचा, तिच्या मुलीला, सानिकाला, क्रिकेट खेळायला ओढायचा. "व्हिसाचं काय झालं रे?" असं विचारलं की "चालू आहे, वहिनी," एवढंच म्हणायचा.

मुलाखत सोमवारी होती. आदल्या दिवशी दुपारी चौघं जेवायला बसले होते. आशालता सहज म्हणाली, "उद्या बहुतेक घरात कोण कोण असतं तेही विचारतील. मधू, तुझ्या व्हिसावर तारीख कुठली आहे रे?"

मधूने घास तसाच ताटात ठेवला.

"वहिनी, माझं नाव नका सांगू."

"का?"

"व्हिसा नाहीये. संस्था बंद झाली तेव्हाच संपला. वर्ष होऊन गेलं."

सानिकाने एकदा आईकडे, एकदा मधूकाकाकडे पाहिलं. "सो... ही इज अ‍ॅन ओव्हरस्टेअर?" तिने हळूच विचारलं.

"तू आत जा," प्रकाश म्हणाला.

मधू बोलत राहिला. बाबांनी शेताचा तुकडा विकून पाठवलं होतं, रिकाम्या हाताने कसा जाऊ, फार्मवाल्याने कागद कधी मागितलेच नाहीत, मीही दाखवले नाहीत. आशालता ऐकत होती, पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. कालपर्यंत तिला माहीत नव्हतं. आता माहीत झालं होतं.

मधू बाहेर गेल्यावर प्रकाश म्हणाला, "हे बघ आशा, उद्या तुझ्याबद्दल विचारतील. मधूबद्दल कोण विचारतंय? आपल्याला काही ठाऊकच नव्हतं."

"नव्हतं. आता आहे ना."

"मग काय पोलिसांना फोन करणार? माझा भाऊ आहे तो. राजारामकाकांनी मला शिकवलंय."

"मी फोन कुठे करतेय, अहो? पण खोटं कसं बोलू?"

"एक 'नाही' म्हणायचं. एक शब्द."

रात्रभर तिने तो एक शब्द मनात घोळवला. सकाळी कोर्टात जाताना वायकाटो नदीवर धुकं इतकं दाट होतं की पुलावर पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसत नव्हते.

मुलाखत घेणाऱ्या मिसेस पाराता कोर्टाच्या वरिष्ठ अधिकारी होत्या. पांढरे केस, गळ्यात हिरव्या दगडाचं पेंडंट. "किआ ओरा, या बसा," असं माओरी ढंगात स्वागत करून त्यांनी चहा मागवला. सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. वेळ देता येईल का, रागावलेल्या माणसाशी कसं बोलाल, ओळखीच्या माणसाने चुकीच्या कागदावर सही मागितली तर? आशालता मोकळेपणाने बोलत होती. पुढे कोर्टात बसण्याचं प्रशिक्षण घ्यायला आवडेल, असंही तिने सांगितलं. मिसेस पाराता मान डोलावत होत्या.

"आता शेवटचा," त्या म्हणाल्या. "हा मी सगळ्यांना विचारते. तुमच्या आयुष्यात किंवा घरात असं काही आहे का, जे उद्या उघड झालं तर या पदाला बट्टा लागेल?"

आशालताने तोंड उघडलं. 'नाही' हा शब्द अगदी जिभेवर होता. तिला आठवत होता तो प्रकाशचा चेहरा, काकांचा आवाज. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती आणि समोरची बाई मुळीच घाई करत नव्हती.

"आहे," ती शेवटी म्हणाली.

मिसेस पारातांनी पेन उचललं.

"मी स्वतः काही केलेलं नाही. पण माझ्या जवळच्या एका माणसाची अडचण आहे, कायद्याची. मला ती कालच कळली. ती सांगणं माझ्या एकटीच्या हातात नाही. आणि काही नाही असं मला म्हणवत नाही. माझं नाव तुम्ही मागे घ्या."

मिसेस पारातांनी पेन खाली ठेवलं.

"मी तुम्हाला नाव विचारत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत, तर मला गप्प बसता येणार नाही. नाव मागे घ्यायची गरज नाही. फाईल बाजूला ठेवते. ज्या दिवशी तुम्हाला याच प्रश्नाला 'नाही' म्हणता येईल, त्या दिवशी या. फार उशीर मात्र करू नका. तुमच्यासाठी नाही म्हणत मी, त्या माणसासाठी म्हणतेय."

घरी मधू दारातच उभा होता.

"सांगितलंत?"

"तुझं नाव नाही घेतलं."

"पण बोललात! आता ते माग काढत येतील. वहिनी, एक 'नाही' म्हणता आलं नाही तुम्हाला?"

"मधू, ऐक, आपण वकिलाला..."

त्याने ऐकलंच नाही. बॅग गाडीत टाकली आणि निघून गेला. त्याचा फोन बंद लागायला लागला. दुसऱ्या दिवशी फार्मवाल्याचाच फोन आला, मधू सकाळच्या धारांना आला नाही म्हणून.

तो सगळा आठवडा घरावर दगड ठेवल्यासारखा गेला. प्रकाश तिच्याशी कामापुरतं बोले. एकदाच म्हणाला, "खुर्चीपायी पोरगं घालवलंस." आशालतालाही रात्री तसंच वाटायचं. वाईहून काकांचा फोन आला की प्रकाश सांगे, फार्मवर रेंज नसते. रेडिओवर बातमी लागली, मॉरिन्सविलच्या रस्त्यावर धुक्यात एक गाडी नाल्यात गेली होती. आशालताने दुकानाच्या मागे जाऊन रेडिओ स्टेशनला फोन लावला. गाडी एका म्हाताऱ्या जोडप्याची होती, दोघं सुखरूप होते. ती तिथेच खोक्यावर बसून रडली.

एक दिवस गणवेशातला पोलीस दुकानात शिरला आणि सरळ तिच्याकडे आला. तिच्या हातातली बाटली निसटली, निळं सिरप फरशीभर झालं.

"ईझी!" तो म्हणाला. "पोराचा दम्याचा पंप हवाय, बस्स."

तिने पंप दिला. हात पुसले. आणि पोलीस गेल्यावर तिला कळलं की वर्षभर मधू हेच जगत होता. दर गणवेशाला, दर दारावरच्या टकटकीला असंच दचकत असणार तो. तिच्या घरी क्रिकेट खेळतानासुद्धा.

शनिवारी सकाळी मधू दुकानात आला. दाढी वाढलेली, कपड्यांना समुद्राचा वास. रॅग्लनच्या किनाऱ्यावर गाडीत झोपत होता.

"वहिनी, भूक लागलीय," एवढंच म्हणाला.

तिने त्याला मागच्या खोलीत नेऊन आपला डबा पुढे ठेवला. तो खाली मान घालून जेवला. संपल्यावर ती म्हणाली, "मी तुला पकडून देणार नाही. पण लपवणारही नाही. तू स्वतः चल. मी बरोबर येते."

"आणि हाकललं तर?"

"तर जाशील. पण ताठ जाशील. असा वाळूत झोपून किती वर्षं काढणार?"

त्याने रिकाम्या डब्याला झाकण लावलं. मग म्हणाला, "बाबांना तुम्ही सांगायचं. माझ्याच्याने व्हायचं नाही."

मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाईने सगळं साफ सांगून टाकलं. इमिग्रेशनला खास बाब म्हणून विनंती करता येते, पण ती मानायचं बंधन त्यांच्यावर नाही, कारणही देणार नाहीत. हकालपट्टीचा हुकूम हातात पडला तर पाच वर्षं परतीचं दार बंद. त्याआधी आपण होऊन निघालात, तर परत अर्ज करता येतो.

विनंती केली. महिनाभराने नकार आला. मधूने तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि त्याच दुपारी तिकीट काढलं. फार्मवाला, ग्रॅहम, सगळं ऐकून आधी संतापला. मग म्हणाला, "कागद नीट करून ये. गायी तुला ओळखतात."

ऑकलंडच्या विमानतळावर मधू प्रकाशच्या गळ्यात पडला, सानिकाला टपली मारली. आशालतासमोर नुसता उभा राहिला. तिला वाटलं, काहीतरी बोलेल. तो वळला आणि आत गेला.

काकांना तिने फोनवर सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता.

"तुमच्या सहीसाठी माझा मुलगा परत आला," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर ते तिच्याशी कधी बोलले नाहीत.

आशालता मिसेस पारातांकडे परत गेली. त्यांनी तोच प्रश्न विचारला. या वेळी ती 'नाही' म्हणाली आणि मग घडलेलं सगळं स्वतःहून सांगितलं. मिसेस पारातांनी लिहून घेतलं. "हेही वर जाईल," त्या म्हणाल्या. "लपवत नाही म्हणून सांगते."

पुढचे काही महिने तिने धरून चाललं होतं की नाव कापलं गेलं. मग एके दिवशी कळलं, गव्हर्नर जनरलची सही झाली, नाव सरकारी गॅझेटमध्ये छापून आलं. शपथ जिल्हा न्यायाधीशांसमोर घ्यायची होती. प्रकाश इस्त्रीचा शर्ट घालून आला, पण गाडीत त्याने रेडिओ लावून ठेवला. सानिका आईचा हात धरून बसली होती.

या देशाच्या कायद्याप्रमाणे सर्व प्रकारच्या लोकांना न्याय देईन, असं म्हणताना आशालताचा आवाज नीट होता. पुढे शब्द आले, भीती न बाळगता, मर्जी न राखता, माया न ठेवता, आकस न धरता. 'माया' पाशी ती अडखळली. न्यायाधीश थांबले. तिने घसा साफ केला आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हटलं.

बाहेर पायऱ्यांवर प्रकाश म्हणाला, "मला तेव्हा तुझा फार राग आला होता."

"आता?"

"आताही आहे थोडा." त्याने तिच्या हातातली छत्री घेतली आणि उघडून तिच्या डोक्यावर धरली.

मधू परत आला तो २००७ मध्ये, ग्रॅहमच्या फार्मवर, रीतसर वर्क परमिटवर. तो त्यांच्या घरी राहायला गेला नाही. फोनही क्वचित करी, तोही प्रकाशला. आशालताने वाट पाहणं सोडून दिलं होतं. तोपर्यंत ती प्रशिक्षण संपवून महिन्यातून एकदा कोर्टातही बसू लागली होती.

एका गुरुवारी दुकानातल्या कॉलिन्सच्या कोपऱ्यात तिच्यासमोर सहीसाठी रांग लागली होती आणि रांगेत मधू उभा होता. रापलेला, अंगाने भरलेला. त्याचा नंबर आला तसा त्याने पासपोर्ट आणि त्याच्या नकला तिच्यापुढे ठेवल्या.

"रेसिडन्सीचा अर्ज करतोय," तो म्हणाला. "सही हवी होती."

तिने नकला हातात घेतल्या. पासपोर्टमधला फोटो पाहिला. मग सगळं परत त्याच्याकडे सरकवलं.

"मला नाही करता येणार, मधू."

त्याचा चेहरा पडला. "अजूनही, वहिनी?"

"अरे, तसं नाही. घरच्या माणसाच्या कागदावर जेपीने सही करायची नसते."

मागच्या बाई घसा खाकरून पुढे सरकल्या.

"घरच्या," तो म्हणाला.

"हो. चार्टवेलच्या लायब्ररीत दुपारी एक जेपी बसतात, त्यांच्याकडे जा. आणि येताना घरी ये. सानिका आज लवकर येणार आहे."

"बघतो," असं म्हणत त्याने कागद गोळा केले.

संध्याकाळी तो आला. जेवायला थांबला नाही, चहा घेऊन गेला.