न ठोकलेला खिळा

हे मी कोनालेच सांगतलं नाही. नवऱ्याले नाही, लेकीले नाही, देवापुढंही तोंड उघडलं नाही. तुमाले सांगून राह्यली — काहून, ते मले तरी कुठं ठाऊक? पन आता गप बसवत नाही.

कारंज्याजवळ आमचा भाजीचा मळा. तिथं मोटेचं पानी पडते त्या थारोळ्याशी माही सासू, आत्याबाई, घसरून पडली. मांडीचं हाड वर खुब्यापाशीच मोडलं. इंग्रजाचं राज होतं तवा. असं मोडलं का म्हातारं मानूस बाजेवरून उठतच नसे. तरी माह्या मालकानं, तिच्या लेकानं, तिले रेल्वेनं अकोल्याले नेलं. मीबी संग.

मधातच एक सांगते — आत्याबाई वाईट नोती. पन बाजारात तागडी घेऊन बसाचं ते तिनंच. आमच्यात तसंच, सासू बाजारात, सून मळ्यात. ती तिकडं गिऱ्हाइकासंग हसे, चार गावच्या गोष्टी ऐके, अन् मी इकडं वांग्याच्या वाफ्यात कंबर मोडून! मले लय वाटे, एकदा तरी — जाऊ द्या. मुद्द्याचं बोलावं.

दवाखान्यात औषधाच्या वासानं मालकाले गरगरलं, ते बाहेर जाऊन बसले. डॉक्टर आला, मलेच बाजूले घेऊन बोलला. मांडी चिरून हाडात लोखंडाचा खिळा ठोकू, म्हने. इलाज नवा आहे, जिवाले धोकाही आहे, पन जमलं तं बाई काठी धरून चालन. घरधन्याले विचारून सांग.

मी बाहेर गेली. मालकाले सांगतलं, डॉक्टर म्हनते इलाज नाही, घरी न्या. आत येऊन डॉक्टरले सांगतलं, मालक नाही म्हनतात.

खिळ्याचं भेव वाटलं का मले? वाटलं थोडंसं. पन त्यापाई नाही केलं मी — मले तागडी दिसत होती.

घरी हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. पाय आखूड झाला, पंजा बाहेर वळला. आत्याबाई काही उठली नाही. बाजारात मी बसाले लागली. अन् खरं सांगू? लय गोड लागलं मले ते!

काही वर्सानं शेजारच्या गंगूबाईचाबी खुबा मोडला. ती अकोल्याहून खिळा ठोकून आली, अन् काठी टेकत आत्याबाईले भेटाले आली. आत्याबाई तिच्या पायाकडं पाहतच राह्यली. ती गेल्यावर मले म्हने, "काहून वं, मले काहून नाही ठोकला त्याईनं?"

"तुमचं हाडच नाजूक होतं, आत्याबाई."

"असन," म्हने. अन् कूस बदलाले माहाच हात मांगतला.