पायावरची गाठ आणि डॉक्टर वत्सलाबेन

डॉक्टर वत्सलाबेनना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या या गौरवग्रंथात मोठमोठ्या डॉक्टरांचे लेख असतील. मी चौथीपर्यंत शिकलेली, डिंडोलीच्या वस्तीतल्या, कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या कामगाराची बायको. ग्रंथ काढणाऱ्या मंडळानं पेशंट म्हणून लिहायला सांगितलं, तर घडलं तेच लिहिते.

पहिल्या भेटीत मी त्यांच्याशी खोटं बोलले. माझ्या घोट्याच्या वर मसुराएवढी लाल गाठ आली होती. आमच्याकडे चामखीळ आली की बायका लूमवरचा धागा घट्ट बांधतात आणि ती वाळून पडायची वाट बघतात. मीही बांधला. गाठ पडली, पुन्हा आली, बोराएवढी झाली, रक्त यायला लागलं. मग एका दवाखान्यात कापून घेतली. तरी परत आली, तेव्हा मुलानं वत्सलाबेनकडे नेलं. त्या गुजराती. मराठी आम्हा पेशंटांकडूनच शिकल्या, म्हणून त्यात आमची अहिराणी मिसळलेली.

"माय, कितला दिन व्हयनात?"

"दोन महिने."

त्यांनी धाग्याचा वळ आणि कापल्याची खूण पाहिली. "दोन महिन्यांत एवढं सगळं? आणि कापलेला तुकडा तपासायला कुठे दिला?"

"कचऱ्यात गेला असेल. चामखीळ काय जपून ठेवायची?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला.

तपासणीचा कागद आला त्या दिवशी मुलगा म्हणाला, "आईला बाहेर बसवतो." वत्सलाबेन म्हणाल्या, "पाय कोणाचा आहे, भाऊ?" आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. घामाच्या ग्रंथीचा कॅन्सर आहे, हे त्यांनी मलाच सांगितलं.

"घामाचा? मग डिंडोलीत एकही माणूस उरायला नको."

त्या हसल्या. "घाम गाळून होत नाही, माय. कातडीत घाम तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात, तिथे होतो. फार थोड्यांना. मीही मोजकेच पाहिलेत."

ज्यांनी मोजकेच पाहिलेत त्या बरं कशा करणार? तसं तोंडावर बोललेही. त्या रागावल्या नाहीत. "म्हणूनच मी एकटी ठरवणार नाही," म्हणाल्या. तुकड्याचे पातळ काप लावलेल्या तपासणीच्या काचा मुंबईच्या तज्ज्ञांकडे पाठवल्या आणि उत्तर येईपर्यंत चाकू लावला नाही.

ऑपरेशनमध्ये गाठीभोवतीची चांगली दिसणारी कातडीही काढली. तिच्या कडा तपासल्या, तर एका कडेला रोग राहिलेला. तेही त्यांनीच येऊन सांगितलं, "माझं कापणं कमी पडलं. पुन्हा कापावं लागेल." आमच्या घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी कोणी कबूल करत नाही. दुसऱ्यांदा कापलं, मांडीची कातडी तिथे लावली. भूल चढेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

पुढे त्या आमच्या गल्लीत बायकांशी बोलायला आल्या. धागा बांधू नका, कापलं तर तुकडा तपासायला द्या, असं सांगत होत्या. बायका माना डोलवत पाय साडीत लपवत होत्या. मी लुगडं वर करून पायातला खड्डा दाखवला.

"झाक वो माय, भीती वाटते," शेजारची सुमन म्हणाली.

"वाटू दे. मला वेळेवर वाटली असती तर खड्डा लहान पडला असता."

मग सुमनच पहिली पुढे आली. वत्सलाबेन ओट्यावर बसून अंधार पडेपर्यंत एकेकीचे पाय, बगला, डोकी बघत राहिल्या. चहाला हातही लावला नाही.

दर काही महिन्यांनी त्या माझी जांघ चाचपून बघतात, कारण हा रोग आधी तिथे सरकतो. तेवढा वेळ मी छताकडे बघते आणि श्वास घेत नाही. परवा त्यांचं बोट एका जागी थांबलं. पुढे गेलं, परत तिथेच आलं. "तपासायला पाठवते," त्या म्हणाल्या. "काय असेल, मला अजून माहीत नाही."

रिपोर्ट बुधवारी आहे. हे लिहिताना माझा हात सारखा तिकडेच जातो.

वत्सलाबेन, लोक तुमच्यासाठी शंभर वर्षं मागतील. मीही मागते, पण धडधाकट. नजर चांगली राहो, बोटांना असंच कळत राहो. माझ्यासाठी म्हणाल तर या बुधवारी तुम्हाला साधी सर्दीही होऊ नये. जे काही निघेल ते मला दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं नाही.