सहा लाखांतून वजा जाता

सांगलीच्या ज्या कॉलेजात मी इंजिनिअरिंग केलं, त्याच्या फाटकावर शेवटच्या वर्षी माझा फोटो लागला. माझा म्हणायचा तो उपचारापुरता. फ्लेक्सचा अर्धा भाग संस्थेच्या अध्यक्षांनी व्यापला होता, उरलेल्यात त्यांचे चिरंजीव, आणि खालच्या पट्टीत आम्ही सात विद्यार्थी, पासपोर्ट आकारात. माझ्या हनुवटीखाली लिहिलं होतं, ‘पॅकेज सहा लाख’. मग शाल, श्रीफळ, भाषण. भाषणात माझं नाव चुकलं, आकडा मात्र बरोबर आला.

अडचण एवढीच की त्या नोकरीला मी अजून होकार दिला नव्हता. पुण्यातल्या एका लहान कंपनीत मी आपली आपण मुलाखत देऊन आले होते, आणि सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचंही पत्र आलं. साडेचार लाख. सहा लाखवाल्या मोठ्या कंपनीला शुक्रवारपर्यंत सही हवी होती.

दोन्ही पत्रं छापून घेऊन मी इस्लामपूरजवळच्या आमच्या गावी गेले. पप्पांचा ऊस आहे. शेजारी राहणारे काका सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले. मला वाटलं होतं, आपण समजावून सांगायचं आणि त्यांनी माना डोलवायच्या. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं की असे गैरसमज होतात.

पप्पांनी सहा लाखांचं पत्र हातात घेतलं. “ह्यातनं तोडणी-वाहतूक किती जाती?”

“पप्पा, ही नोकरी आहे. ऊस नाही.”

“तेच इचारतोय. कारखाना दर सांगतो एक, आन खात्यावर येतो तोडणी-वाहतूक वजा जाऊन. हितं काय वजा जातंय?”

पत्राच्या दुसऱ्या पानावर एक तक्ता होता. मी तो नीट वाचलाच नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं. पन्नास हजार रुजू होताना मिळणार, पण दोन वर्षांच्या आत सोडलं तर परत करायचे. एक लाख दोन वर्षं टिकल्यावर. साठ हजार कंपनीची कामगिरी बरी झाली तर. शिवाय विम्याचा हप्ता, ग्रॅच्युइटी आणि पीएफमधला कंपनीचा वाटा, हेही सगळं सहा लाखांतच. पप्पा एकेका ओळीवर पेन्सिलीने काट मारत गेले. महिन्याला हातात उरले सव्वीस हजार. साडेचार लाखांच्या पत्रात असले अलंकार नव्हते. तिथे हातात साडेतेहतीस.

“पीएफ बुडत न्हाई, त्यो आपलाच,” काका म्हणाले. “पर रजा किती? आन आई-बापाला दवाखाना हाय का? आमी भरती झालो तवा पगार कुणी इचारला न्हवता. घरच्यांना मिलिट्रीचं हॉस्पिटल हाय, एवढं समद्यांना ठावं होतं.”

मोठ्या कंपनीचा विमा फक्त माझा होता. लहान कंपनीचं पत्र त्याबाबत गप्प होतं.

“मग लाव की फोन.”

“काका, असं विचारत नाहीत. त्यांना वाटेल, कामाआधीच रजा मोजते.”

“न मोजणाऱ्याला मिळत न्हाई गं पोरी.”

त्याआधी मी कॉलेजच्या प्लेसमेंटच्या सरांना फोन केला, कारण मोठ्या कंपनीला नकार देणं त्यांच्यामार्फत होतं. ते हादरले. “अगं, फ्लेक्स लागलाय! आत्ता सही कर, नकार महिन्यानं कळव.”

“महिन्यानं काय होईल, सर?”

“ॲडमिशन संपतील.”

चार वर्षांत त्या इमारतीतून मला मिळालेलं हे सर्वांत सरळ उत्तर.

खरी धास्ती वेगळीच होती. डेअरीवर दूध घालायला गेलं की लोक पप्पांना सहा लाखांबद्दल शाबासकी देत होते. दीड लाख कमी सांगायचे कसे? मी भीत भीत विचारलं.

“लोकांला काय, उद्या दुसरं कुणी घावंल,” पप्पा म्हणाले. “पुण्यात दिस तुला काढायचं हायत.”

दुसऱ्या दिवशी लहान कंपनीला फोन केला. रजा आणि आई-वडिलांच्या विम्याचं विचारताच पलीकडच्या बाई हसल्या. “फ्रेशर सहसा लॅपटॉप कोणता देणार एवढंच विचारतात.” रजा वर्षाला वीस. आई-वडिलांना विम्यात घालता येईल, अर्धा हप्ता माझ्या पगारातून.

“हे लेखी मिळेल का?” मी हे बोलले यावर माझाच विश्वास बसेना.

तासाभरात मेल आला. पप्पांनी चष्मा लावून मोबाइलच्या पडद्याखाली बोट धरलं आणि ती इंग्रजी ओळ सावकाश स्वतःच वाचली. ‘पेरेंट्स’पाशी बोट थांबलं.

“ह्यात आमी हाय रं,” ते काकांना म्हणाले.

मी तिथेच, पायरीवर बसून होकार पाठवला आणि लागलीच सरांना नकार. काकांनी तोवर पुढची आघाडी उघडली होती. खोली कंपनीपासून चालत जाण्याइतकी जवळ हवी, पाणी दोन्ही वेळ हवं, आणि घरमालकाशी ते स्वतः बोलणार होते. रविवारच्या पहिल्या एसटीने पुण्याला जायचं ठरलं. मला यायचं असेल तर त्यांची हरकत नव्हती.