भिंतमावशीचं गाणं

भिंतमावशीला स्वतःचंच गाणं ऐकवत नसे. एरवी ती दिवसभर गुणगुणायची: चर्चमधली गाणी, जाहिराती, भिंतीतून ऐकून पाठ झालेली आपली गणपतीची आरतीसुद्धा. पण तरुणपणी दोन मैत्रिणींबरोबर गायलेलं, देशभर गाजलेलं ते गाणं लागलं, की ती दुसऱ्याच्या घरातला रेडिओही खुशाल बंद करायची.

तिचं नाव रूबी. कॉव्हेंट्रीत आमच्या दोन घरांची भिंत एकच, म्हणून माझ्या लेकीने, म्हणजे तुमच्या आईने, लहानपणी तिला भिंतमावशी केलं. ती या वसंतात गेली, हे आईने सांगितलं असेलच.

एकदा सुपरमार्केटमध्ये ते गाणं सुरू झालं. सोल संगीत ते, काळजाला हात घालणारं. लोक बटाटे निवडता निवडता डोलू लागले. रूबी भरलेली ट्रॉली माझ्याकडे ढकलून थेट बाहेर. मी गेले तर पावसात उभी.

"संपलं का?"

"संपलं. भिजलीस की गं!"

"भिजू दे, लव्ह." ती सगळ्यांनाच लाडाने लव्ह म्हणायची.

चर्चमध्ये ती कायम मागच्या रांगेत गायची. पुढे बोलावलं तर म्हणायची, "पुढे एकदा उभी राहिले, तेवढं पुरे." त्याचा अर्थ मला उशिरा कळला. त्या तिघींत मुख्य गायिका होती पर्ल, रूबीची बालमैत्रीण. रेकॉर्डिंगच्या दिवशी पर्लचा घसा बसला. तिच्या ओळी तू म्हण, असं रूबीला सांगितलं गेलं, आणि तिने म्हटल्या. रेकॉर्ड गाजली. मग स्टेजवरही लोकांना तोच आवाज हवा होता. पर्ल काही दिवस मागे उभी राहिली, नंतर गाणंच सोडून गेली.

"तिने मला कधी बोल लावला नाही गं," रूबी म्हणायची. "लावला असता, तर भांडून मोकळी झाले असते."

गेल्या हिवाळ्यात पर्लच्या मुलीचा फोन आला. आई बर्मिंगहॅमच्या केअर होममध्ये आहे, फार दिवसांची सोबती नाही, तुमची आठवण काढते. रूबी कोट घालायची, काढायची. शेवटी मीच तिला ट्रेनमध्ये बसवलं आणि सोबत गेले.

पर्ल उशीला टेकून होती. म्हणाली, "आपलं गाणं म्हण."

रूबीने बोटांनी ताल धरला आणि फक्त साथीच्या ओळी म्हटल्या. मुख्य ओळ आली की गप्प, नुसता ताल. खोलीत ती मोकळी जागा मला ऐकवत नव्हती. दोनदा ती रिकामीच गेली. तिसऱ्यांदा पर्लने फाटक्या आवाजात ओळ उचलली, आणि रूबी रडतरडत तिच्यामागून गात राहिली.

कडवं संपलं. रूबी वाकून म्हणाली, "पर्ल, ती जागा तुझी होती."

"माहीत आहे मला," पर्ल म्हणाली. तिने रूबीचा हात धरला होता. "आता पुढचं कडवं घे. मला दम लागलाय."