शेडमधली लष्करी गाडी

बाळांनो, मागच्या आठवड्यात व्हिडिओ फोन चालू असतानाच मी शेडमधला दिवा बंद करायला गेले, तेव्हा तुम्हांला माझ्या मागे एक हिरवी मोटरसायकल दिसली आणि तुम्ही विचारलंत, "आजी, तू आर्मीत होतीस का?" मी हसले, तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि प्रश्न तिथेच राहिला. त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. शिवाय आता शेजारच्या राहनाळ गावासारखी आपल्या गल्लीतही गोडाऊनं आली आहेत, आणि शेड भाड्याने द्यावी असं तुमच्या बाबांचं म्हणणं आहे. उद्या कोणीतरी येईल, शटर वर करील आणि विचारील, ही गाडी कोणाची. ते सांगू शकेल असं माझ्याशिवाय इथे कोणी नाही. म्हणून आत्ताच लिहून ठेवते. अक्षरं अडली तर आईकडून वाचून घ्या.

ती गाडी तुमच्या आजोबांच्या जॉबरची. इतका हट्टी, इतका काटेकोर आणि कोणालाही नको असलेल्या कामात इतका बुडालेला दुसरा माणूस मी माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांत पाहिलेला नाही. लूम म्हणजे कापड विणायचा यंत्रमाग; तो बिघडला की जो दुरुस्त करतो तो जॉबर. आजोबांचे सहा लूम होते, आणि ते सहाही या माणसाने तीस वर्षं नुसते कान लावून चालवले. लूमपाशी जाऊन उभे राहायचे, डोळे मिटायचे, आणि "तिसऱ्याला सर्दी झालीय," असं म्हणून बरोबर तोच बोल्ट आवळायचे. त्यांच्या खिशात रुमालाऐवजी पाना असायचा आणि कानामागे पेन्सिलीऐवजी खडू. खडूने ते भिंतीवर, दारावर मापं लिहून ठेवत, एकदा तर आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवरच लिहिलं. आजोबा तो सदरा घालून लग्नाला गेले आणि तिथे कोणीतरी विचारलं, "साहेब, हे पावणेचार इंच कशाचं?" आजोबांनी घरी येऊन मला सदरा धुवायला दिला, पण आधी ते माप एका चिठ्ठीवर उतरवून घेतलं, कारण दुसऱ्या दिवशी जॉबर ते मागणार हे त्यांना ठाऊक होतं.

आजोबा गेले, लूम भंगारात गेले, आणि त्याच वर्षी जॉबरभाऊंची बायकोही गेली. तुम्हांला लूमचा आवाज माहीत नाही. आमच्या घरात आम्ही चाळीस वर्षं ओरडूनच बोलत होतो. तो आवाज बंद झाल्यावर मला माझ्याच घरातल्या घड्याळाची टिकटिक पहिल्यांदा ऐकू आली आणि ती मला अजिबात आवडली नाही. मग एका दुपारी चार वाजता दाराशी "जय भीम, वहिनी" असा आवाज आला. बघते तर जॉबरभाऊ उभे, मागे हातगाडी, आणि हातगाडीवर गंजलेला सांगाडा आणि चार पोती.

"हे काय आणलंत?"

"मोटरसायकल हाय."

"कुठे आहे?"

"अर्धी ही दिसते ती. अर्धी पोत्यात."

ती इंग्लंडात बनलेली, दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी आलेली गाडी होती. पुढे कोणीतरी तिच्या इंजिनावर पाण्याचा पंप चालवला होता आणि शेवटी ती राहनाळच्या एका भंगारवाल्याकडे पोत्यांखाली पडली होती. शेलार गावातल्या त्यांच्या घरात जागा नव्हती, माझी शेड रिकामी होती. मी चावी दिली. विचारलं एवढंच, की मोटरसायकलच हवी होती तर लष्करीच का? तेव्हा कळलं की विशीत असताना ते फौजेच्या भरतीला गेले होते आणि छाती अर्धा इंच कमी भरली म्हणून परत आले होते. "माप चुकीचं घेतलं त्यांनी," ते म्हणाले. "टेप आवळून धरली हुती." पन्नास वर्षांनंतरही त्यांचा त्या टेपेवरचा राग तसाच होता.

अडचण एकच होती. तुमच्या बाबांनी कंप्युटरवर शोधून त्या गाडीचं मूळ मॅन्युअल पाठवलं, ते सगळं इंग्रजीत. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. नाक्यावरून मी त्याची छापील प्रत काढून आणली, फाइल केली, अनुक्रमणिका लिहिली आणि नियम घातला: रोज चार वाजता एकच पान, क्रमाने, मधलं काही गाळायचं नाही. शुक्रवारी लूमना सुट्टी असते म्हणून शुक्रवारी वाचन बंद, हा नियम त्यांचा. कपडे तेलकट म्हणून ते घरात येत नसत. उंबऱ्याबाहेर वर्तमानपत्र अंथरून बसत, चहा बशीत ओतत, आणि मी उंबऱ्याच्या आत खुर्चीवर बसून वाचायची आणि मराठीत सांगायची. ते मॅन्युअलशी भांडत. "नट हळुवार आवळावा, असं लिहिलंय," मी म्हटलं की ते म्हणत, "हळुवार म्हंजे किती? लिहिणाऱ्यानं कधी पाना धरला न्हाय, वहिनी. हा कारकून हाय." मी म्हणायची, "भाऊ, त्यांनी ती गाडी बनवली आहे." मग बशी खाली ठेवून ते म्हणत, "बनवली आसल. चालवली न्हाय."

वर्षभर असं चाललं. लष्कराच्या गाडीला चमक चालत नाही हा त्यांचा पहिला सिद्धान्त. कशेळीच्या एका गॅरेजवाल्याने प्रेमाने चकचकीत सायलेन्सर आणून दिला, तर यांनी तो त्याच्यासमोरच काळा रंगवला. "चमकली की गोळी आली," एवढंच स्पष्टीकरण. हेडलाइटला त्यांनी पत्र्याचं काळं झाकण केलं आणि उजेडाला बोटभर फट ठेवली. त्या उजेडात समोरचा खड्डासुद्धा दिसला नसता, पण शत्रूच्या विमानालाही गाडी दिसली नसती, याचं त्यांना समाधान होतं. मागे लटकवायच्या कॅनव्हासच्या पिशव्या त्यांनी माझ्याकडून शिवून घेतल्या आणि इंचाला आठ टाके पाहिजेत म्हणून दोनदा उसवायला लावल्या. माझ्या शिवणाला नाव ठेवणारा तो पहिला पुरुष. हिरव्या रंगाचे तर अकरा पट्टे अजून शेडच्या भिंतीवर आहेत. एक पोपटी झाला, एक शेवाळी, एकाला ते "हॉस्पिटल" म्हणत. शेवटी पसंत पडला तो रंग आपल्या जुन्या लूमचाच होता, हे आम्हां दोघांच्याही लक्षात आलं नाही. ते लक्षात आणून दिलं नाक्यावरच्या रिक्षावाल्याने. शेडमध्ये डोकावून तो म्हणाला, "चाचा, ये लूम को चक्के क्यूँ लगा रहे हो?" जॉबरभाऊ दोन दिवस त्या नाक्यावरून गेले नाहीत. रंग मात्र बदलला नाही.

आता जे लिहिते ते तुमच्या बाबांनाही मी सांगितलेलं नाही. गाडी बाहेरून पूर्ण झाली होती, पण सुरू होत नव्हती. ठिणगी नेमकी कधी पडायला हवी हे ज्या पानावर होतं, तेच पान फाइलमध्ये नव्हतं. मी नीटनेटकी बाई, माझ्या फाइलमधून पान जातं कसं? नाक्यावर पुन्हा काढून आणू म्हटलं तर झेरॉक्सवाल्याच्या मशीनमधून तुमच्या बाबांची फाइल कधीच पुसली गेली होती, आणि बाबा त्या महिन्यात कामात होते. "अंदाजानं लावा ना," मी म्हटलं. "लूम आसता तर कानानं लावला आसता," ते म्हणाले. "ही परक्याची हाय. हिचा अंदाज मी करनार न्हाय." तरी रोज येत, दहा-वीस किका मारत, घाम पुसत आणि बसत. पुढची पानं तेवढी मी क्रमाने वाचत होते.

एका सोमवारी सकाळी विजेची बिलं लावताना ते पान मला बिलांत सापडलं. मीच ठेवलं होतं, चुकून. ते हातात घेऊन मी बराच वेळ उभी राहिले. फाइलमध्ये आता बारा-तेराच पानं वाचायची उरली होती, तीही गाडी ठेवून द्यायची असेल तर काय करावं याबद्दलची. हे पान वाचलं की गाडी सुरू होणार. गाडी सुरू झाली की काम संपलं. काम संपलं की जॉबरभाऊंना रोज चार वाजता इथे यायचं कारण काय? आणि मग चारपासून झोपेपर्यंत मी काय करायचं? बाळांनो, मी ते पान पुन्हा बिलांत ठेवलं. एक दिवस नव्हे, नऊ दिवस. नऊ दिवस तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर किका मारत होता आणि मी चहा करत होते. नवव्या दिवशी त्यांचा उजवा गुडघा एवढा सुजला की वर्तमानपत्रावर बसताना त्यांनी भिंत धरली.

दहाव्या दिवशी वाचन झाल्यावर मी ते पान आणून त्यांच्यासमोर धरलं.

"घावलं?" ते म्हणाले.

"आज नाही सापडलं. नऊ दिवस माझ्याकडेच होतं, भाऊ. मी दिलं नाही."

रागावतील असं वाटलं, आणि रागावले असते तर बरंही वाटलं असतं. त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी उपडी ठेवली, गुडघ्यावरून हात फिरवला.

"आजचं पान झालं ना वाचून?"

"झालं."

"मंग आज आनखी कशाला? नेम हाय आपला, रोज एक. हे उद्या वाचू."

आणि उठून, भिंत धरत, गेले. दुसऱ्या दिवशी मी ते पान वाचलं. त्यांनी पाऊण तास काहीतरी फिरवलं, खडूने एक खूण केली, आणि दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. शेड हादरली. लूम बंद झाल्यापासून त्या शेडमध्ये एवढा आवाज झाला नव्हता. गल्लीतली माणसं धावत आली, रिक्षावाल्याने सलाम ठोकला, आणि जॉबरभाऊ छाती पुढे काढून उभे राहिले. ती अर्धा इंच नक्कीच वाढली होती.

उरलेली पानं संपली. मग तीन दिवस चार वाजता कोणी आलं नाही. मी चहा केला नाही. चौथ्या दिवशी "जय भीम, वहिनी" ऐकू आलं, तेव्हा मी जरा जास्तच घाईने दार उघडलं असणार. त्यांच्या एका हातात मोटरसायकलची मागची सीट होती आणि दुसऱ्या हातात साडीगार्ड, म्हणजे मागे बसलेल्या बाईची साडी चाकात जाऊ नये म्हणून लावतात ती जाळी. दोन्ही त्याच हिरव्या रंगात रंगवलेलं. ज्या माणसाने चमकदार सायलेन्सर चालवून घेतला नाही, तो युद्धातल्या गाडीला साडीगार्ड लावायला निघाला होता.

"लष्कराच्या गाडीला हे असतं?" मी विचारलं.

"नसतं," ते म्हणाले. "मॅन्युअलात पन न्हाय. म्हणून तुम्ही सांगा, कुठं बसवायचं. बसून दाखवा. शेलारपातूर जाऊ नि येऊ."

मी काय म्हणाले असेन? माझी कंबर, रस्त्यावरचे कंटेनर, या वयात लोक काय म्हणतील, सगळं क्रमाने सांगितलं. शेवटी म्हटलं, "दिवाळी होऊ दे, भाऊ. मग बघू." ते बरं म्हणाले आणि अंदाजानेच सीट बसवली. अंदाज करणार नाही म्हणणाऱ्या माणसाने केलेला तो पहिला अंदाज. त्यानंतर ते पुन्हा रोज येऊ लागले. वाचायला काही नव्हतं, म्हणून मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि ते त्याच्याशी भांडत.

दिवाळीच्या आठ दिवस आधी ते शेलारला घराच्या पायरीवरून पडले. कंबरेचं हाड मोडलं. मुलगी येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली. तिथे ते आता वॉकर घेऊन चालतात, आणि तो वॉकर ज्याने बनवला तो कारकून आहे असं त्यांचं मत आहे. परत येणं होणार नाही, असं मुलगी म्हणते. ते तसं म्हणत नाहीत. फोनवर मी नागपूरच्या हवेबद्दल विचारते आणि ते टायरमधल्या हवेबद्दल.

तुमच्या बाबांना मी कळवलं आहे की शेड भाड्याने देणार नाही. गाडी तिथे आहे. रंग, पिशव्या, झाकण, सगळं जागेवर आहे, आणि रिक्षावाला रविवारी येऊन ती सुरू करून देतो, तेव्हा दुसऱ्या किकेला सुरू होते. मागच्या सीटवर अजून कोणी बसलेलं नाही.